कुंकू लावलेली सीडी

१

चारचौघांत माणसाची बॅग उपडी करणं म्हणजे त्याचे कपडेच उतरवणं. आमच्या तुकोगंजातल्या गायनसभेत हे असलं काही होईल, असं मला कोणी आदल्या दिवशी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

शैलजाताई फणसे यांचा स्मृतिदिन होता. ताई म्हणजे आमच्या इंदूरचं गाणं. पण बाई हट्टी. रेडिओला नाही, कॅसेटला नाही, जन्मभर कोणाला आवाज टिपू दिला नाही. अगदी शेवटी, आजारी असताना, एकदाच तयार झाल्या, तेही अच्युतरावांसाठी. अच्युतरावांचं सभेजवळच रेकॉर्डिंगचं दुकान होतं. त्यांनी एका कोऱ्या सीडीवर ताईंचं गाणं उतरवलं. पुढे ताई गेल्या, काही वर्षांनी अच्युतरावही गेले. जगात ताईंचा आवाज उरला तो तेवढ्या एका सीडीत, त्यांच्या मुलीच्या, देवयानीच्या कपाटात.

यंदा ती सीडी सगळ्यांना ऐकवायची ठरलं. पेनड्राइव्हवर उतरवून द्यायला देवयानीने ती अच्युतरावांच्या मुलाकडे, नीरजकडे दिली. हॉल गच्च भरला. समईही लावून झाली. आणि नीरज विंगेतून स्टेजवर येऊन देवयानीच्या कानाशी लागला. बिचारा हळूच बोलला हो. पण देवयानीच्या हातातला माइक चालू होता.

"ताई, सीडी कोरी आहे. काहीच नाहीये त्यात."

सगळ्या हॉलने ऐकलं.

"कोरी? आणि आत्ता सांगतोस?" देवयानी ओरडली. "बदललीस तू! आईची सीडी विकलीस कोणाला तरी!"

मग सगळे एकदम बोलायला लागले. कोणीतरी म्हणालं, बॅग बघा त्याची. देवयानीच्या भावाने, शंतनुने, नीरजच्या खांद्यावरची बॅग ओढून घेतली आणि टेबलावर उपडी केली. त्यातून कोऱ्या सीड्यांची अख्खी चवड बाहेर पडली. दोन-तीन तर घरंगळत पहिल्या रांगेत माझ्या पायाशी आल्या. हॉलमध्ये "अरेरे" झालं. नीरज खाली वाकून एकेक सीडी गोळा करायला लागला. त्याचे कान लाल झाले होते. एकानेही त्याला मदत केली नाही.

२

मी अरविंद पागे. जळालेल्या गोदामांचे विम्याचे दावे तपासण्यात माझी अख्खी नोकरी सरली. आग आपोआप लागली की लावली, हे राखेत काडी फिरवून सांगायचं. त्यामुळे घरात लोणच्याची बरणी फुटली तरी आमच्याकडे मलाच बोलावतात. दुसऱ्या दिवशी सकाळी देवयानीचा फोन आला तेव्हा मला नवल वाटलं नाही, रागच आला.

तिच्या घरी पोहोचलो तर पोहे तयार, वर शेव, जिरावण मसाला, सगळा थाट. कॉलेजात शिकवणारी बाई, रात्रभर रडून डोळे सुजलेले.

"काका, नीरजने ओरिजिनल कुठे दडवलीय तेवढं काढून द्या. पोलिसात नाही जायचं मला. तमाशा नको."

"तमाशा करून झालाय की काल," मी म्हणालो. "शोधतो. पण जे सापडेल ते सांगेन. तुला आवडेल तेच सापडेल असं नाही."

शंतनु शेजारी पोह्यांची प्लेट नुसती चिवडत होता. पुण्यात इंजिनियर झालेला, आता तिथेच मोठ्या पगारावर, कार्यक्रमासाठी म्हणून आलेला.

"काका, इरेज केली असेल त्याने," तो म्हणाला. "चुकून. मुद्दाम नाही म्हणत मी. होतं असं."

मी मान हलवली आणि सीडी मागितली. देवयानीने प्लास्टिकच्या कडक डबीतून ती काढून दिली. वरच्या बाजूला अच्युतरावांच्या अक्षरात ताईंचं नाव, आणि कडेला एक फिकट तांबूस डाग. डबीच्या तळाला कुठल्याशा दुकानाची अर्धी सोललेली चिठ्ठी चिकटलेली होती. दुकानाचं नाव गेलेलं, खालचं "पुणे" तेवढं राहिलेलं.

"ही ऐकली होती कधी?"

"एकदाच. गाणं झालं त्याच संध्याकाळी, अच्युतकाकांच्या दुकानात, त्यांच्याच मशीनवर. मग आई हॉस्पिटलात गेली ती..." देवयानीने पदर डोळ्यांना लावला. "बाबा म्हणाले, हा आवाज घरात लावू नका, मला झेपणार नाही. आईच्या साड्यांमध्ये ठेवून दिली. बाबा गेल्यावरही हिंमत झाली नाही. परवा नीरजला दिली ती तशीच उचलून, डबीसकट."

"म्हणजे इतक्या वर्षांत कोणी हात लावला नाही?"

"कोणीच नाही," देवयानी म्हणाली.

शंतनु पाणी आणायला आत गेला. टेबलावर भरलेला तांब्या होता.

३

नीरजच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. वाकून आत गेलो. लोकांच्या लग्नाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून द्यायच्या, हा त्याचा धंदा. भिंतीवरच्या फळ्या रिकाम्या होत्या.

"सकाळपासून लोक येऊन आपापल्या कॅसेट परत नेतायत, काका," तो म्हणाला. "एक बाई तर म्हणाली, बेटा, बुरा मत मानना, पण माझ्या मुलीच्या लग्नाची एकच कॅसेट आहे. मी काय बुरा मानणार? उचलून दिली. आता बंदच करतो दुकान. बाबांचं नाव बोर्डावर आहे, त्याच्याखाली कसा बसू?"

मला भरून आलं, म्हणून मी मुद्दामच खेकसलो. "आधी का नाही सांगितलंस कोरी आहे म्हणून? ऐन कार्यक्रमात सुचलं?"

"एका कॉम्प्युटरवर बघितली, कोरी. मित्राच्या कॉम्प्युटरवर, कोरी. वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. शेवटपर्यंत ट्राय करत राहिलो. देवयानीताईंना सांगायची लाज वाटत होती, काका."

"आणि बॅगेतली ती चवड?"

"गिऱ्हाइकांना लागतात. कोणाला पेनड्राइव्ह जमत नाही, सीडीच हवी असते."

मी त्यातली एक कोरी सीडी मागितली आणि दोन्ही घेऊन बाहेर उन्हात आलो. एका हातात त्याची, एका हातात ताईंची. खालची बाजू तिरपी धरली. कोरी सीडी सगळीकडून एकाच रंगाची होती, कल्हई केलेल्या पातेल्यासारखी. ताईंच्या सीडीवर मात्र मधल्या भोकापासून बाहेरपर्यंत गडद पट्टा पसरलेला, आणि अगदी कडेला बारीकशी फिकट कड राहिलेली.

जिथे लिहिलं जातं तिथे रंग बदलतो, एवढं मलाही ठाऊक होतं. मग ही कोरी कशी?

"नीरज, तुझे बाबा सीडी डबीत घालून द्यायचे का?"

"डबीत? छे! पांढऱ्या कागदी पाकिटात. वर स्वतः नाव लिहायचे. डबी कधीच नाही."

म्हणजे अच्युतरावांनी पाकिटात दिलेली सीडी, कोणीही हात न लावता, कपाटातल्या कपाटात डबीत जाऊन बसली होती. आणि ती डबी आली होती पुण्याहून.

४

पण एक शंका फेडायची होती. ही सीडी तीच कशावरून? नाव काय, कोणीही अच्युतरावांचं अक्षर गिरवेल. म्हणून पद्मजाबाईंकडे गेलो. या ताईंच्या शिष्या. रेकॉर्डिंगच्या वेळी तंबोऱ्यावर याच बसल्या होत्या. त्यांनी दार उघडलं आणि माझ्याकडे बघायचंच टाळलं.

"काल मी पुढे व्हायला हवं होतं हो," त्या एकदम म्हणाल्या. "अच्युतरावांचा मुलगा. लहान असताना माझ्या मांडीवर झोपलाय तो. पण सगळे बोलत होते, म्हणून मीही गप्प बसले. घरी येऊन जेवण गेलं नाही."

मी सीडी पुढे केली. त्यांनी चष्मा लावला आणि तांबूस डागावर बोट ठेवलं.

"हीच. अच्युतरावांनी कोरी सीडी पाकिटातून काढली, तर ताई म्हणाल्या, नवी वस्तू आहे, थांबा. आणि कुंकवाचं बोट लावलं. अच्युतराव ओरडले, अहो, मशीन बिघडेल! मग मीच पदराने पुसलं. तरी डाग राहिला. हा बघा, बोटाच्या रेषासुद्धा दिसतायत."

म्हणजे सीडी बदललेली नव्हती. नीरज त्या क्षणी सुटला होता, पण ते मला एकट्याला माहीत होतं.

"काय काय गायल्या त्या दिवशी?"

"मुलतानी, मारवा, मग एक टप्पा. काय गायल्या हो! आजारी बाई वाटेचना. भैरवी घ्यायला आ केला आणि खोकल्याची उबळ आली. थांबेचना. अच्युतराव म्हणाले, ताई, आज राहू द्या. भैरवीपुरती जागा ठेवलीय सीडीवर. बऱ्या झालात की परत आणा, तेवढी भरू. मी म्हटलं, अहो, झालं की एवढं, पुरे. तर माझ्यावरच डाफरले. भैरवी झाल्याशिवाय मैफल संपवणारा मी कोण, म्हणाले." पद्मजाबाई हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. "ती भैरवी राहिली ती राहिलीच."

मी सीडी पुन्हा उलटी केली. कडेची ती बारीक फिकट कड. भैरवीपुरती जागा!

तिथूनच नीरजला फोन लावला. "तुझे बाबा त्यांच्या मशीनवर सीडी बनवली की सगळ्यात शेवटी काय करायचे?"

"शेवटी? फायनलाइजचं बटण दाबायचे. मशीन दोन-तीन मिनिटं गुरगुरायचं. बाबा म्हणायचे, हे केल्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही मशीनला सीडी..." तो थांबला. "...सीडी कोरीच दिसते. काका! आणि एकदा ते बटण दाबलं की पुढे काही भरता येत नाही! बाबांनी दाबलंच नसेल! माझ्याकडे आजवर आल्या त्या सगळ्या कॉम्प्युटरवर बनलेल्या सीड्या. बाबांच्या मशीनवरची अर्धवट सीडी कधी आलीच नाही. मला सुचायला नको का, गाढवाला!"

"गाढवपणा नंतर कर. ते मशीन कुठंय?"

"हातोदला, गावी. आईकडे. पण चालतं की नाही, देव जाणे."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी देवयानीला मी काही न सांगता गाडीत बसवलं. हातोदला नीरजच्या घरासमोर गाडी थांबली तेव्हा तिला कळलं कोणाचं घर आहे ते. उतरेचना.

"काका, त्याच्या आईला काय तोंड दाखवू?"

"आहे तेच," मी म्हणालो. "दुसरं कुठून आणणार?"

नीरजच्या आईने दारात येऊन "या ताई" म्हटलं, पाणी दिलं. एक शब्द वाकडा नाही. त्यानेच देवयानी अर्धमेली झाली. ग्लास हातात घेऊन उभीच राहिली.

नीरजने माळ्यावरून जुन्या चादरीत गुंडाळलेलं मशीन काढलं. धूळ पुसली, वायर जोडली. हिरवा दिवा लागला. सीडी आत गेली. मशीन बराच वेळ नुसतं कुरकुरत राहिलं. नीरजची आई देवघराकडे बघत होती, देवयानी मशीनकडे. मी मनातल्या मनात स्वतःलाच शिव्या देत होतो, की पागे, खात्री करून तरी आणायचं होतं लोकांना.

मग तंबोरा ऐकू आला. आणि त्यामागून ताई.

देवयानी मशीनशेजारी जमिनीवर बसली. मुलतानीचा पहिला आलाप होईपर्यंत कोणी हललं नाही. नंतर ती उठली आणि नीरजसमोर हात जोडून उभी राहिली.

"ताई, असं नका करू," नीरज मागे सरकला. "इथं घरात नका करू. इथं कोणी मला चोर म्हणालं नव्हतं."

ती समजली. हात तसेच जोडलेले ठेवून म्हणाली, "जिथे म्हटलं तिथेच म्हणेन."

६

आता उरला शंतनु. संध्याकाळी त्याला सभेच्या आवारात बोलावला. प्लास्टिकची डबी कट्ट्यावर ठेवली.

"पाकीट बदलून ही डबी कधी आणलीस?"

"कुठलं पाकीट, काका?"

"बाळा, मी राखेतून खोटं शोधणारा माणूस. सगळं गाव म्हणत होतं, नीरजने सीडी बदलली. एकटा तू म्हणालास, इरेज झाली. का? कारण तुला पक्कं ठाऊक होतं की ही तीच सीडी आहे, आणि नीरजच्या हातात जाण्याआधीच ती कोरी दिसत होती."

त्याने डबी उचलून ती सोललेली चिठ्ठी नखाने खरवडली.

"कॉलेजात होतो," तो म्हणाला. "आईची फार आठवण यायची. सुट्टीत आलो तेव्हा कपाटातून गुपचूप काढून पुण्याला नेली. वाटलं, कॉपी करून घेतो, परत ठेवतो. लॅपटॉपमध्ये घातली, घाईघाईत काहीबाही दाबलं. मग नीट वाचलं तर स्क्रीनवर लिहिलेलं, डिस्क कोरी आहे. काका, मला वाटलं मीच पुसली. आईचा आवाज मी पुसला. पाकीट फाटलं होतं, म्हणून डबी आणली, परत ठेवून दिली. कोणाला सांगणार होतो? बाबांना? ताईला?"

"त्या सीडीवरचं पुसता येत नाही, इंजिनियरसाहेब. एकदा लिहिलं की लिहिलं. नुसती उलटी करून बघितली असतीस तरी कळलं असतं. हातोदला सकाळी वाजली ती."

त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं, आनंद होईल. त्याने तोंड दोन्ही हातांत लपवलं.

"म्हणजे इतकी वर्षं मी उगाच..."

"ते उगाच," मी म्हणालो. मला त्याची दया येत होती आणि कानाखाली वाजवावीशीही वाटत होती. "पण परवाचं उगाच नव्हतं. तुला माहीत होतं तो निर्दोष आहे. तरी त्याची बॅग तू उपडी केलीस. तूच!"

"सगळ्यांनी माझ्याकडे बघायच्या आत..."

"मी कोणाला सांगणार नाही," मी उठलो. "हे माझं काम नाही. तुझं आहे."

७

पुढच्या रविवारी तोच हॉल, तीच माणसं. गर्दी उलट जास्तच. नीरजने अच्युतरावांचं मशीन स्टेजवर मांडलं होतं. बटण दाबून ती सीडी कायमची बंद करायची, म्हणजे कुठेही वाजेल, असं मी सुचवलं होतं. पण पद्मजाबाई म्हणाल्या, आधी एकदा अच्युतरावांनी ठेवली होती तशीच वाजू द्या.

देवयानीने माइक हातात घेतला. या खेपेला तो चालू असल्याची खात्री करून घेतली.

"इथेच उभं राहून मी नीरजला चोर म्हटलं. तो चोर नव्हता. आईचं गाणं त्याच्या बाबांनी जपलं आणि मी त्यांच्याच मुलाला तुमच्यासमोर खाली वाकायला लावलं. नीरज, मला क्षमा कर. जमलं तर."

नीरजने मान खाली घातली. पहिल्या रांगेतले लोक आपापल्या चपलांकडे बघत होते. गेल्या वेळी "बॅग बघा" कोण ओरडलं होतं, ते कोणालाच आठवत नव्हतं म्हणे.

मग ताई गायल्या. मुलतानी झाला, मारवा झाला, टप्प्याला तर म्हातारे लोक मांडीवर थाप देत "क्या बात है" म्हणत होते. टप्पा संपला. तंबोरा थोडा वेळ वाजत राहिला. ताईंचा श्वास घेतल्याचा आवाज आला, मग खोकला, आणि खट. सगळं थांबलं.

कोणी उठलं नाही. भैरवी झाल्याशिवाय आमच्याकडे उठायची रीत नाही, आणि भैरवी तर नव्हतीच. टाळ्याही नाहीत. हॉल नुसता बसून राहिला, आणि उठायचं कसं ते कोणालाच कळेना.

तिसऱ्या रांगेतून शंतनु उठला. स्टेजवर जाईपर्यंत दोनदा अडखळला. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. माइक घेतला आणि सांगून टाकलं. पुण्याला चोरून नेलेली सीडी, डबी, इतक्या वर्षांचं गप्प बसणं, सगळं. शेवटी म्हणाला, "बॅग उपडी केली तेव्हा मला माहीत होतं की त्यात काही सापडणार नाही. तरी केली."

देवयानी भावाकडे बघत राहिली. तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. तिने तोंडावर पदर घेतला आणि भिंतीकडे वळली.

शंतनु नीरजसमोर जाऊन उभा राहिला.

"मी खाली सीड्या वेचत होतो," नीरज म्हणाला, "तेव्हा तुम्ही बघत होतात ना, भिया?"

"बघत होतो."

"बस. एवढंच विचारायचं होतं."

त्याने सीडी काढून नव्या पांढऱ्या पाकिटात घातली आणि देवयानीच्या हातात दिली. मशीनवर चादर टाकली. शंतनु पुढे होऊन मशीन उचलायला वाकला, तशी नीरजने ते आपल्याकडे ओढून घेतलं. "बाबांचं आहे," म्हणाला. शंतनुचे हात तसेच रिकामे राहिले. नीरजने मशीन छातीशी धरलं, दोन पावलं गेला, थांबला. वायर जमिनीवर लोंबत होती.

"ही धरा," तो मागे न बघता म्हणाला. "पायात येतेय."

शंतनुने वायर उचलली. मधल्या वाटेने पुढे नीरज मशीन घेऊन, मागे वायरचं टोक हातात धरून शंतनु, असे दोघे अख्ख्या हॉलमधून दारापर्यंत गेले. ते बाहेर पडल्यावर मग आम्ही उठलो.